दोन टिंबं आणि एक उलटी रेघ: नेटवर्कवरच्या फोल्डरचं कुंपण कसं तपासावं

देवगड तालुक्यातल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं. साल २००९, मे महिना, सीझन ऐन भरात. आवारात क्रेटच्या थप्प्या आणि रसाचा तो गोडसर, डोकं उठवणारा वास. वजनकाट्यापाशी विंडोजचा एक जुना पीसी होता. तिथला पोरगा आलेल्या प्रत्येक गाडीची पावती स्कॅन करायचा आणि एफटीपीने, म्हणजे फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने, आतल्या लिनक्स मशिनवर चढवायचा. फाइली मात्र पडायच्या विंडोजच्या सर्व्हरवर; लिनक्सने तिथला ड्राइव्ह नेटवर्कवरून जोडून घेतला होता. त्याला ‘पावत्या’ या एकाच फोल्डरमध्ये कोंडलेलं आहे, असा मशीन लावून देणाऱ्याचा समज होता. मी गेलो होतो प्रिंटर बघायला. पोरग्याने हळूच हाक मारली आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. “सर, ह्यां बघा. चुकान वर गेलंय मी.”

समोर ‘पगार’ नावाच्या फोल्डरची यादी उघडी होती.

त्याने वेगळं काहीच केलं नव्हतं. एफटीपीच्या काळ्या खिडकीत वरच्या फोल्डरला जायची कमांड देताना विंडोजचा हात वळला आणि दोन टिंबांपुढे साध्या तिरक्या रेघेऐवजी उलटी रेघ पडली, म्हणजे बॅकस्लॅश. ‘../’ च्या जागी ‘..\’. साध्या रेघेने तो दहा वेळा प्रयत्न करता तरी जागचा हलला नसता. उलट्या रेघेने मात्र कुंपणापलीकडे पोचला.

हे भोक तेव्हाही नवीन नव्हतं. लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, सिफ्स ड्रायव्हरची (विंडोजची फोल्डरं लिनक्सला जोडणारा भाग) ही चूक सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२००६-१८६३ या क्रमांकाने नोंदली गेली होती आणि तिचं जुनं भावंड एसएमबीएफएस याच्यातली सीव्हीई-२००६-१८६४ या क्रमांकाने. पहिलीची दुरुस्ती कर्नल २.६.१६.११ मध्ये आली, दुसरीची २.६.१६.१४ मध्ये. कारखान्यातलं मशीन त्याआधीचं. बसवल्या दिवसापासून कोणी अपडेटचं बटण दाबलं नव्हतं, कारण ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’.

आज तो कर्नल फारसा कुठे सापडणार नाही. पण जात तीच असलेली भोकं सांबामध्ये (विंडोजच्या रीतीने फाइली वाटणारा लिनक्सवरचा सर्व्हर), एनएफएसमध्ये (युनिक्सची फाइली वाटायची रीत), सीएचरूटमध्ये (चालू प्रोग्रॅमला एका फोल्डरात कोंडायची सोय) पुन्हापुन्हा निघालेली आहेत, आणि आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत, पतसंस्थांत, शाळांत फाइल सर्व्हर म्हणजे एकदा लावून विसरायची वस्तू असते. तेव्हा हा लेख तपासणीचा आहे: काय बघायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे आपण स्वतःलाच फसवतो. कमांडची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. जो मशिनपाशी बसतो त्याच्या ती ओळखीची असतीलच.

एक वाट, वाचणारे दोघे

आमच्याकडे ‘वर’ म्हणजे घाटाच्या बाजूला आणि ‘खाली’ म्हणजे समुद्राच्या बाजूला. चाकरमान्याला सांगावं, ‘पाराकडून जरा वर या’, तर तो मोबाइलवरचा नकाशा बघतो, वर म्हणजे उत्तर असं धरतो आणि कोणाच्या तरी परसात माडाखाली उभा राहून फोन करतो. शब्द एकच, पण सांगणाऱ्याने एक वाट धरली आणि चालणाऱ्याने दुसरी.

कर्नलमध्ये नेमकं हेच झालं. लिनक्समध्ये कुठलाही पत्ता आधी व्हीएफएस नावाचा थर वाचतो. तो पत्त्याचे साध्या तिरक्या रेघेवर तुकडे करतो आणि एकेक तुकडा घेऊन पुढे जातो. तुकडा बरोबर दोन टिंबांचा असेल तर थांबून बघतो: ही प्रोसेस आत्ता स्वतःच्या मुळाशी उभी आहे का? असेल तर वर जाऊ देत नाही, तिथल्या तिथेच ठेवतो. सीएचरूटची सगळी भिस्त या एका तपासणीवर आहे.

आता ‘..\’ घ्या. व्हीएफएसच्या लेखी ही तीन अक्षरं आहेत, दोन टिंबं नव्हेत. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, त्यामुळे हे त्याला एखाद्या फाइलचं विचित्र पण वैध नाव वाटतं. तो सिफ्स ड्रायव्हरला विचारतो, या नावाचं काही आहे का? ड्रायव्हर सर्व्हरसाठी पत्ता जुळवतो, तो विंडोजच्या रीतीचा, उलट्या रेघांचा: ‘\पावत्या\..\’. सर्व्हर उलट्या रेघेवर तुकडे करतो आणि वाचतो: पावत्यांत जा, मग एक पायरी वर या. वरचं फोल्डर सापडतं, ‘हो, आहे’ असं उत्तर येतं, आणि कोंडलेला गडी बाहेर.

दुरुस्ती तशी छोटी होती. ड्रायव्हरने नावात उलटी रेघ दिसली की ते नाव सर्व्हरकडे पाठवायचंच नाही, चूक म्हणून परत करायचं. अपवाद पॉझिक्स पत्त्यांचा. सर्व्हर आणि क्लायंट दोघांचं साध्या रेघेवर आधीच एकमत झालेलं असेल, तर उलटी रेघ नावात चालते, कारण तिथे तिला काही अर्थच नसतो.

या वाटेने माणूस शेअरच्या, म्हणजे सर्व्हरने नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरच्या, मुळापर्यंतच चढू शकतो, त्यापलीकडे नाही, कारण तिथे सर्व्हर स्वतः अडवतो. म्हणजे नुकसान किती, हे शेअर केवढं मोठं आहे त्यावर ठरतं. कारखान्यात अख्खा डी ड्राइव्ह शेअर केलेला होता.

आधी यादी

बाहेरचं फोल्डर किंवा डिस्क आपल्या मशिनला जोडणं म्हणजे माउंट करणं. काय काय जोडलंय ते बघायला लिनक्स मशिनवर ‘फाइंडमाउंट’ चालवा, नाहीतर साधी ‘माउंट’ कमांड. येणाऱ्या यादीत प्रकाराच्या रकान्यात सिफ्स, एसएमबी३, एनएफएस, एनएफएस४ किंवा फ्यूजवर चालणारं एसएसएचएफएस असं काही असेल त्या ओळी वहीत उतरवा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: सर्व्हर कुठला, त्याचं कुठलं शेअर, आणि त्या माउंटच्या आत कोणाला कोंडलेलं आहे का. तिसरी गोष्ट माउंटच्या यादीत मिळत नाही. ती एफटीपी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, एसएसएचच्या ‘सीएचरूट डिरेक्टरी’ ओळीत, वेब सर्व्हरच्या आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये शोधावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात.

मग ‘यूनेम’ने कर्नलचा आकडा बघा, पण त्यावर लगेच निकाल देऊ नका. मोठी वितरणं जुन्या आकड्याच्या कर्नलमध्येच नव्या दुरुस्त्या मागून जोडतात. आकडा २.६.९ दिसला तरी भोक बुजलेलं असू शकतं. पॅकेजच्या बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक शोधणं हा खरा पुरावा. बाजारात मिळणारी तयार नॅसची (नेटवर्कवर लावायच्या डिस्कची) डबडी याहून अवघड. आत सांबाची कुठली आवृत्ती आहे हे वेबपानावर लिहिलेलं नसतं, आणि फर्मवेअर येणं बंद झालेलं असतं. अशा डब्याला मी जुनं समजूनच वागवतो.

चाचणी, आपल्याच मशिनवर

दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे करू नका. मालकाने लेखी सांगितलेलं असेल तरच हात लावा. चाचणीसाठी एक वेगळं शेअर करा, त्यात दोन फोल्डर ठेवा, ‘पावत्या’ आणि ‘पगार’. पगारात एक खोटी फाइल टाका. ते शेअर लिनक्सवर माउंट करा आणि एफटीपीचा एक चाचणी वापरकर्ता ‘पावत्या’मध्ये कोंडा. एफटीपीने लॉगिन करून ‘..\’ मध्ये जायची कमांड द्या, मग ‘..\पगार’ मध्ये.

एफटीपीने करा असं मुद्दाम सांगतोय. शेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांडच्या खिडकीत, करायला गेलात तर बॅकस्लॅश शेलच गिळतो. अवतरणचिन्हांशिवाय ‘..\’ लिहून एंटर दाबलंत तर शेलला वाटतं ओळ अपुरी आहे, आणि तो पुढच्या ओळीवर ‘>’ दाखवून वाट बघत बसतो. दुहेरी अवतरणात लिहिलंत तर बॅकस्लॅश बंद करणाऱ्या अवतरणालाच खातो, पुन्हा तोच ‘>’. ‘..\पगार’ अवतरणाशिवाय लिहिलंत तर मधली रेघ गायब होऊन ‘..पगार’ नावाची फाइल शोधली जाते, सापडत नाही, आणि तुम्ही खुशीत ‘सुरक्षित आहे’ असं लिहून मोकळे होता. एकेरी अवतरणचिन्हांतच लिहा: ‘ls’ किंवा तुमची जी कमांड असेल तिच्यापुढे '..\' असं. मी स्वतः पहिल्या खेपेला अर्धा तास या ‘..पगार’च्या भानगडीत घालवला आहे.

शेलमध्ये उत्तरं तीन प्रकारची येतील; एफटीपी सर्व्हर कधीकधी नुसतं ‘जाता आलं नाही’ एवढंच सांगतो. ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ आलं तर कर्नलने नाव दारातच अडवलं, म्हणजे दुरुस्ती आहे. ‘नो सच फाइल’ आलं तर बहुधा पॉझिक्स पत्ते चालू आहेत, आणि सर्व्हरनेही ते साधं नावच समजलं. माउंटच्या यादीत ‘पॉझिक्सपाथ्स’ हा शब्द दिसतो का ते बघून खात्री करा. आणि पगाराची यादी आली तर पुढचं वाचायच्या आधी ते शेअर अनमाउंट करा.

गडगा कोणी घालायचा

या सगळ्यातून मी एकच गोष्ट धरून बसलोय. पत्ता शेवटी जो वाचतो त्याच्याच बाजूला कुंपण हवं. आपल्याकडे गडगा ज्याच्या जमिनीत असतो त्याने घालायचा असतो. शेजाऱ्याने आपल्या बाजूने काठ्या रोवल्या म्हणून तुमची बाग राखली जात नाही. कारखान्यात जमीन विंडोजची होती आणि काठ्या रोवल्या होत्या लिनक्सने.

तेव्हा सर्व्हरवर जाऊन मोठं शेअर मोडा. ‘पावत्या’साठी वेगळं शेअर, त्यासाठी वेगळं खातं, आणि त्या खात्याला बाकी कुठल्याही फोल्डरची परवानगी नाही. अशा शेअरच्या मुळाशी उभं राहून कोणी ‘..\’ म्हटलं तरी वर जायला जागाच उरत नाही.

इथे एक फसवी पळवाट आहे. सिफ्समध्ये शेअरच्या आतलं फोल्डर थेट माउंट करता येतं, म्हणजे पत्त्यात शेअरपुढे ‘पावत्या’ जोडायचं. बघणाऱ्याला वाटतं, माउंटचं मूळच पावत्यांमध्ये आहे, काम झालं. पण सर्व्हरशी जोडणी अजूनही सबंध शेअरशीच असते. ‘पावत्या’ हा तुकडा क्लायंटच प्रत्येक पत्त्यापुढे चिकटवत असतो. सोय म्हणून ठीक, कुंपण म्हणून शून्य.

दुसरं, कोंडायची जागा नेटवर्कवर ठेवू नका. लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर एक रिकामं फोल्डर करा, मालकी रूटची (सर्वाधिकारी खात्याची), इतरांना लिहायची परवानगी नाही. सीएचरूट तिथे. त्याच्या आत ‘पावत्या’ नावाचं उपफोल्डर, आणि ते अरुंद शेअर त्यावर माउंट. ओपनएसएसएचला (दूरून लॉगिन करून देणारा प्रोग्रॅम) असंही हेच लागतं. २००८ च्या ४.९ आवृत्तीपासून त्यात सीएचरूटची सोय आली, आणि त्या वाटेवरचं प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचं असावं अशी त्याची अट आहे. सिफ्स माउंटमध्ये सहसा सगळ्या फाइलींची मालकी माउंट करताना दिलेल्या एकाच वापरकर्त्याची दिसते, त्यामुळे थेट तिथे कोंडायला गेलं की अट तरी मोडते नाहीतर अपलोड तरी बंद पडतो. व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हरही २.३.५ पासून लिहिता येणाऱ्या मुळात कोंडायला नकार देतो. लोक मग नकार बंद करणारं सेटिंग शोधून काढतात. उपफोल्डरचा हा उपाय केला तर ती वेळच येत नाही.

पावसाळ्याची एक गोष्ट यात मिसळते. लाइट गेली, दोन्ही मशिनं बंद पडली, लाइट आली आणि लिनक्स आधी उठलं तर शेअर माउंट होत नाही. रिकामं ‘पावत्या’ तसंच राहतं आणि आलेल्या फाइली गुपचूप लोकल डिस्कवर पडू लागतात. मग माउंट झालं की त्या झाकल्या जातात आणि हिशेबाच्या टेबलावरून ओरडा सुरू होतो, ‘कालच्या पावत्या गेल्या कुठे?’ यावर सोपा उपाय: माउंट नसताना त्या रिकाम्या उपफोल्डरला ‘सीएचअॅटर’ने अपरिवर्तनीय करून ठेवा. वर माउंट झालं की त्याचा अडथळा होत नाही, आणि माउंट नसलं तर अपलोड सरळ नाकारला जातो. जूनच्या आगोटीत छपराची कौलं चाळतो तेव्हाच मी हेही बघून घेतो.

सर्व्हर सांबाचा असेल तर

सांबामध्ये ‘वाइड लिंक्स’ नावाचं एक सेटिंग आहे. ते चालू असलं की शेअरमधली सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) शेअरच्या बाहेर दाखवत असली तरी सर्व्हर तिच्यामागे जातो. २०१० साली याचा मोठा गवगवा झाला, सीव्हीई-२०१०-०९२६. युनिक्स एक्स्टेन्शन्स (युनिक्सच्या क्लायंटसाठीच्या जादा सोयी) चालू असतील तर क्लायंट स्वतःच सर्व्हरवर सिमलिंक बनवू शकतो, अगदी सर्व्हरच्या मुळाकडे दाखवणारी. त्यात वाइड लिंक्सही चालू असतील तर तीच लिंक उघडून अख्ख्या डिस्कवर फिरता येतं, फाइलींच्या परवानग्या जिथवर नेतील तिथवर. ३.४.६ पासून वाइड लिंक्स मुळातच बंद येतात.

तरी लोक चालू करतात, आणि कारण दर वेळी तेच. डिस्क भरते, नवीन यूएसबी डिस्क लावतात, शेअरमध्ये तिची सिमलिंक ठेवतात, ती उघडत नाही, कोणीतरी सांगतं ‘वाइड लिंक्स येस कर’. मग ते चालत नाही म्हणून ‘अलाउ इनसिक्युअर वाइड लिंक्स’ पण येस. सेटिंगच्या नावातच ‘इनसिक्युअर’ लिहिलेलं असूनही. २०१९ च्या सप्टेंबरात सीव्हीई-२०१९-१०१९७ जाहीर झाली ती याच जोडगोळीवर. ४.९.० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये, वाइड लिंक्स चालू आणि सोबत युनिक्स एक्स्टेन्शन्स बंद किंवा हे असुरक्षित सेटिंग चालू असेल, तर क्लायंट शेअरच्या मुळाबाहेर पडू शकत होता. ४.९.१३ आणि ४.१०.८ मध्ये ते बुजवलं.

यूएसबी डिस्क शेअरमध्ये दाखवायची असेल तर सिमलिंकऐवजी बाइंड माउंट करा, म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या जागीही जोडा. ते कर्नलच्या पातळीवर होतं, सांबाला ती लिंक वाटतच नाही आणि कुठलंही सेटिंग सैल करावं लागत नाही.

मधल्या काळातली सीव्हीई-२०१७-२६१९ वेगळ्या तऱ्हेची. सर्व्हर आधी पत्ता तपासतो आणि मग उघडतो. या दोन क्षणांच्या मध्ये कोणी फोल्डरच्या जागी सिमलिंक ठेवली तर तपासलेलं एक आणि उघडलेलं भलतंच. इथे वाचणारा एकच आहे, पण त्याने दोनदा वाचलं. त्यावर सेटिंगने फारसं काही होत नाही, आवृत्ती नवी ठेवणं एवढंच आपल्या हातात.

एनएफएसची गोष्ट निराळी

एनएफएसमध्ये उलट्या रेघेचा प्रश्न नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली ही पद्धत अख्खा पत्ता पाठवतच नाही. एकेक नाव विचारते, आणि प्रत्येक फाइलला सर्व्हर एक हँडल देतो. पुढचं सगळं त्या हँडलवर. आणि भोक आहे ते तिथेच.

हँडलमध्ये साधारणपणे कुठली फाइलसिस्टिम, कितवा आयनोड (फाइलचा आतला नंबर), कितवी पिढी (तो नंबर कितव्यांदा वापरला) एवढंच असतं. कुठल्या फोल्डरमधून हे आलं ते नसतं. तुम्ही मोठ्या डिस्कवरचं फक्त ‘पावत्या’ एक्स्पोर्ट केलंत, म्हणजे नेटवर्कवर खुलं केलंत, पण कोणी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या आयनोडचं हँडल हाताने घडवलं, तर सर्व्हरला फाइलसिस्टिम ओळखीची वाटते आणि तो उघडून देतो. एक्स्टच्या फाइलसिस्टिममध्ये मुळाचा आयनोड नेहमी २ असतो, म्हणजे अंदाज बांधायलाही फार डोकं लागत नाही. यासाठी ‘सबट्री चेक’ (हँडल त्याच फोल्डरच्या आतलं आहे का हे बघणारा) आहे, पण उघड्या फाइलचं नाव बदललं की तो घोटाळे करतो, म्हणून एनएफएस-युटिल्स १.१.० पासून तो मुळात बंदच येतो.

उपाय म्हणजे एक्स्पोर्टसाठी वेगळी फाइलसिस्टिम. एलव्हीएम असेल तर एक छोटा लॉजिकल व्हॉल्यूम, नसेल तर वेगळं पार्टिशन. इथे वरच्या सांबाच्या सल्ल्याने फसू नका: बाइंड माउंटने नवी फाइलसिस्टिम होत नाही, हँडल त्याच जुन्या डिस्कचं राहतं. सोबत एक्स्पोर्टच्या ओळीत ‘*’ हे तारांकन टाकून सगळ्या जगाला न देता मशिनचा पत्ता नेमका लिहा, आणि ‘नो रूट स्क्वॉश’ (क्लायंटच्या रूटला सर्व्हरवरही रूट मानणारं सेटिंग) कुठे दिसलं तर ते का आहे हे विचारून काढा. साध्या एनएफएसमध्ये वापरकर्ता कोण हे क्लायंटच सांगतो आणि सर्व्हर मान डोलावतो. कोणीही स्वतःचा लॅपटॉप आणून भिंतीतल्या सॉकेटमध्ये वायर खोचू शकत असेल तर कर्बेरॉस (ओळख पडताळणारी यंत्रणा) लावल्याशिवाय त्याला थांबवता येत नाही.

सीएचरूटवर किती भरवसा

सीएचरूट १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधला. लिनक्सच्या त्याच्या मॅन्युअल पानावरच लिहिलंय की हे सुरक्षेसाठी नाही. आतली प्रोसेस रूटच्या हक्काने चालत असेल तर तिला बाहेर पडणं पोरखेळ आहे: आत एक फोल्डर करायचं, त्यात पुन्हा सीएचरूट करायचं, पण स्वतः बाहेरच उभं राहायचं. मग मूळ खाली आणि आपण वर. दोन टिंबांनी चढत जायचं, अडवणारं कोणी नाही. म्हणून कोंडलेल्याला रूट कधीच ठेवायचं नाही.

त्याच पानावर दुसरी वाट सांगितलेली आहे, आणि नेटवर्कवर ती जास्त बोचते. कोंडलेली प्रोसेस एका उपफोल्डरमध्ये उभी आहे आणि बाहेरच्याने ते उपफोल्डर उचलून कुंपणाबाहेर हलवलं, तर तिथून वर चढताना मूळ वाटेत लागतच नाही. एकाच मशिनवर असं हलवायला कोणी सहसा नसतं. पण सामायिक डिस्कवर? हिशेबाच्या टेबलावरच्या ताई माउसने फोल्डर ओढून ‘जुनं’ मध्ये टाकतात, त्यांना काय माहीत. बाइंड माउंटमध्येही असंच नाव बदलून निसटण्याची चूक सीव्हीई-२०१५-२९२५ म्हणून निघाली आणि कर्नल ४.२.४ मध्ये मिटली. माउंट नेमस्पेस आणि पिव्हट-रूट वापरणारे कंटेनर (प्रोग्रॅमला फोल्डरांचं स्वतःचं वेगळं झाड देणारे) याहून बरे, कारण तिथे बाहेरचं झाड आत दिसतच नाही. छोट्या ऑफिसला तेवढं जमत नसेल तर निदान अरुंद शेअर आणि रूट नसलेला वापरकर्ता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, ‘ओपनअॅट२’ आहे. त्याला ‘रिझॉल्व्ह बिनीथ’ सांगितलं की दिलेल्या फोल्डरबाहेर जाणारा पत्ता तो उघडत नाही. पण तोही व्हीएफएसच्याच डोळ्यांनी वाचतो, उलट्या रेघेचा अर्थ त्यालाही कळत नाही. तेव्हा बाहेरून आलेलं नाव आधी पूर्ण उकलून घ्या, टक्क्याच्या चिन्हातली सांकेतिक अक्षरं असतील तर तीही, आणि मग त्यात रेघ, उलटी रेघ किंवा नुसती टिंबं असतील तर नाकारा. दुरुस्त करून घेऊ नका, नाकाराच. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये २००० साली नेमकी उलटी चूक होती: आधी तपासायचं आणि मग उकलायचं. त्याच भोकातून पुढच्या वर्षी निमडा नावाचा किडा शिरला.

आणि लॉग

कारखान्यात दुपारपर्यंत मी शेअर मोडून वेगळं केलं, कर्नल अपडेट केला, पोरग्याकडून पुन्हा ‘..\’ टाइप करून घेतलं. या वेळी तो जागचा हलला नाही. शेठ मागे उभे होते. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे आदी आमचा कोणी बघल्यान काय?”

व्हीएसएफटीपीडीचा ट्रान्स्फर लॉग उघडला. लॉग आठवड्याला फिरत होता आणि मागचे चारच ठेवलेले होते. त्यात चढवलेली आणि उतरवलेली प्रत्येक फाइल होती. पगाराची एकही उतरवलेली नव्हती. पण तो लॉग फक्त फाइली आल्या-गेल्याची नोंद ठेवतो. कोणी फोल्डरमध्ये शिरून यादी बघून परत आलं, तर त्यात काहीच उमटत नाही. त्यासाठी ‘लॉग एफटीपी प्रोटोकॉल’ वेगळं चालू करावं लागतं. सांबावर त्याच कामाला ‘फुल ऑडिट’ मॉड्यूल आहे. ते चालू केलंत तर लॉग दुसऱ्या मशिनवर पाठवा आणि निदान एक सीझनभर ठेवा.

शेठना मी सांगितलं, महिनाभरात कोणी नेलं नाही एवढं नक्की. बघितलं का, ते या मशिनला माहीत नाही. त्यांनी पोरग्याकडे बघितलं. पोरगा काट्यावर आलेल्या गाडीचा नंबर लिहायला गेला होता.